बिनश्रीचं कार्ड

भागीरथीबाई, तुम्हाला जाऊन आज सहावा दिवस, आणि एवढ्यात मी तुमच्याच खोलीत बसून तुमच्याच मुलीशी धडधडीत खोटं बोललो आहे.

सुमन मनमाडहून आली ती रविवारी सकाळी. तुम्ही शनिवारी सकाळीच गेलात आणि संध्याकाळी तुम्हाला पोचवून आम्ही परतलोसुद्धा होतो. तिच्यासाठी मागे राहिली ती तुमची चटई आणि खुंटीवरचं पांढरं लुगडं. मंगळवारी मी नायगावला तुमच्या खोलीवर गेलो, तेव्हा तिनं ट्रंकेवरचं एक कार्ड उचलून माझ्यापुढं धरलं. अक्षर माझंच होतं. आगबोटीच्या कंपनीत तीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळलेल्या माणसाचं, साहेबानं कधी खोड न काढलेलं अक्षर. वर मधोमध श्री. खाली लिहिलं होतं : 'आपल्या मातोश्रींची प्रकृती अलीकडे जरा बरी नसते. काळजीचे कारण नाही. सवडीने येऊन जावे.'

"नाना, हे आईनं सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"असंच?"

"असंच."

तिनं कार्ड पुन्हा वाचलं. "सवडीनं, असं आई कधी बोलायचीच नाही," एवढंच म्हणाली आणि पोराला कडेवर घेऊन गॅलरीत गेली. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. चोर उतरतो तसा.

उद्या दुपारच्या गाडीनं ती परत निघते आहे. ती जायच्या आत तिला खरं सांगायला हवं, आणि माझा धीर होत नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलायला बसलो. तुमच्याशी बोलणं सोपं होतं असं नाही, पण तुम्ही एकदा ओरडून मोकळ्या व्हायचात.

आपली गाठ पडली ती कुणाची पडू नये अशा जागी. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात माझी इंदू बायकांच्या वॉर्डात होती आणि तुमचे सखारामराव पुरुषांच्या. दोघंही महिन्याच्या अंतरानं गेली. इंदू गेल्यावरही ऑफिस सुटलं की मी गिरगावला घरी न जाता ट्राम धरून परळला यायचो आणि फाटकाजवळच्या बाकावर बसायचो. घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न होता. तुम्हीही यायचात, पण गिरणीतली पाळी संपवून, हातात पेजेचा डबा घेऊन, दुसऱ्या कुणाच्या तरी माणसासाठी. चार-पाच दिवस तुम्ही मला पाहिलंत आणि एके दिवशी समोर येऊन उभ्या राहिलात.

"तुमचं माणूस गेलं ना? मग इथं बसून कुणाची वाट बघताय?"

मी टोपी नीट केली.

"लिवता येतं?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. येतं म्हणालो.

"मग त्या आजीला गावाला कळवायचंय. उठा."

मी उठलो. भागीरथीबाई, हे तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही, आता बोलतो. त्या दिवशी तुम्ही उठवलं नसतंत, तर मी त्या बाकावरच संपलो असतो.

आपण जे करत होतो त्याला नाव नव्हतं. तुम्ही 'परळला जाते' म्हणायचात, मीही तेच म्हणायला लागलो. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून माणसं यायची. हातात वळकटी, कुणीतरी दिलेली चिठ्ठी, आणि रोगाचं नाव घ्यायची भीती. फुटपाथवर बसायची आणि कुणाला विचारावं हे न कळून तशीच बसून राहायची. केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, विजेचा शेक सुरू झाला की तोंड कसं सोलून निघतं, तिखट का द्यायचं नाही, पेज धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळून, गार करून, टोटीच्या पेल्यातून कशी पाजायची, हे सगळं तुम्ही सांगायचात. कुठल्या चाळीत कुणाच्या गावकऱ्यांची खोली आहे आणि तिथं रोग्याला टेकू देतील की नाही, हेही तुम्हालाच ठाऊक. माणसं तुमच्याकडं, कागद माझ्याकडं, अशी वाटणी आपोआप झाली.

भांडणही तिथूनच सुरू झालं. मी पत्र लिहायचो ते रीतसर. वर श्री, मग कृ. सा. न. वि. वि., मग 'प्रकृतीस हळूहळू आराम पडत आहे, काळजी नसावी.' तुम्ही चाळीतल्या बायकांच्या वर्गात नुकतंच वाचायला शिकला होतात, त्यामुळं मिळेल ते वाचायचात. माझ्या खांद्यावरून वाकून तेही वाचायचात.

"आराम कुठं पडतोय ओ याला? काल रक्त पडलं."

"गावात बसलेल्या बाईला हे कळवून ती काय करणार?"

"काय करायचं ते तिला ठरवू द्या. तुम्ही कशाला ठरवता?"

मी म्हणायचो, तुम्हाला रीत कळत नाही. तुम्ही म्हणायचात, नानांना 'मेलो' म्हणायची वेळ आली तरी ते 'सवडीनं मरावे म्हणतो' म्हणतील. मोर्च्यातही तुम्ही मला सोडलं नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गिरणीतल्या बायकांबरोबर तुम्ही निघायचात, आणि एकदा लाजेकाजेस्तव मीही कडेकडेनं चाललो होतो. दुसऱ्या दिवशी फुटपाथवरच्या सगळ्यांना तुम्ही सांगितलंत, "नाना घोषणा देत होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, सवडीनं व्हावा!" घशाला नळी लावलेला एक रोगीसुद्धा हसला होता.

आता गोविंदाचं. ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

गोविंद मालवणकडचा, गिरणीत मागावरचा सांचेवाला. घशाचा कॅन्सर. लालबागला त्याच्या गावकऱ्यांच्या खोलीत वीसेक माणसं पाळीपाळीनं राहायची, तिथंच तोही. रोगाचं नाव कळल्यावर त्यांनी त्याचं अंथरूण बाहेर गॅलरीत टाकलं. ताट वेगळं, पेला वेगळा. आपण दोघं गेलो तेव्हा तुम्ही उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिलात. तुमच्या हातचं पाणी ती माणसं घेत नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. परत येताना तुम्ही हसत म्हणालात, "जन्मात पहिल्यांदा माझ्यापेक्षा लांब बसवलेला माणूस बघितला, नाना."

मी हसलो नाही. कारण तोवर मी तुमच्या खोलीत तीन-चारदा आलो होतो आणि पाण्याच्या तांब्याला हात लावला नव्हता. तहान नाही म्हणायचो. उन्हातून नायगावपर्यंत चालत येऊन!

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा त्या खोलीवर गेलात, गोविंदाच्या पेल्यातलं उरलेलं पाणी सगळ्यांसमोर प्यायलात आणि म्हणालात, "बघून ठेवा. मला काय झालं तर सांगायला या." आठवड्याभरात त्याचं अंथरूण आत आलं. पुढं तुम्हाला स्वतःला गाठ निघाली, तेव्हा त्या खोलीतल्या एका शहाण्यानं ते पाणी आठवून दाखवलं. हा रोग पाण्यातून लागत नाही हे मी त्याला ज्या शब्दांत सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. ऐकायला तुम्ही हव्या होतात.

तुम्ही ते पाणी प्यायलात त्याच दिवशी घरी परतताना मी तुमच्या खोलीवर पाणी मागितलं. तुम्ही तांब्या पुढं केलात आणि म्हणालात, "लागली एकदाची तहान." नंतर तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत. मी काढायला हवा होता.

गोविंदाला बायको हवी होती. आवाज गेलेला, म्हणून तो मनगटाभोवती बोट फिरवून दाखवायचा. बांगड्यांची खूण. तिचं नाव आनंदी. मी त्याच्या घरी पत्रं लिहीत होतो, दोन-अडीच महिन्यांत आठ लिहिली असतील. सगळ्यांत आराम पडत होता. शेवटी 'सूनबाईंनी सवडीने येऊन जावे.' कापणी चालू होती, सासू म्हातारी होती, सवड कुठून होणार? कुणी आलं नाही.

मग एक दिवस मुंबईत हरताळ पडला. ट्राम बंद, बस बंद. मी गिरगावात अडकलो. गोविंदाला त्या दिवशी उलटीतून रक्त पडलं आणि तो तुम्हाला मनगट दाखवत राहिला. तुम्ही माझी वाट बघितली नाहीत. कार्ड घेतलंत आणि स्वतः लिहिलंत. दुसऱ्याच्या घरी पाठवलेलं तुमचं पहिलं पत्र. त्याच्या दोनेक महिने आधी तुम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होतीत. देव्हारा गेला होता, आणि सुमनला लिहायच्या पत्रावरचा श्रीही गेला होता. तसंच हेही लिहिलंत. 'गोविंद फार आजारी आहे. बोलता येत नाही. आनंदीला लगेच पाठवा.' वर काही नाही.

बिनश्रीचं पत्र आपल्याकडं माणूस गेल्यावरच येतं, हे तुम्हाला आठवलं नाही आणि सांगायला मी तिथं नव्हतो. पोस्टाच्या थैलीत कार्डाचा कोपराही फाटला असावा, तीही तीच खूण. गोविंदाच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण वाचता न येणाऱ्या बाईलाही कार्डावर श्री आहे की नाही ते दिसतं. आधी तेवढंच बघतात. तिनं बघितलं आणि हंबरडा फोडला. असलं पत्र घरात नेत नाहीत, पुढं वाचतही नाहीत. अंगणातच फाडून टाकलं. तुम्ही लिहिलेला 'लगेच' कुणाच्या नजरेसही पडला नाही.

बारा-तेरा दिवसांनी गोविंदाचा धाकटा भाऊ बोटीनं आला. त्याची ट्रंक घेऊन जायला. आपण दोघं तेव्हा खोलीवरच होतो. गोविंद भिंतीला टेकून पेज पीत होता. भाऊ दारातच थिजला. डोक्याचा गुळगुळीत गोटा. गोविंदानं त्या डोक्याकडं पाहिलं, पेला खाली ठेवला आणि हातानं विचारलं, कोण? म्हातारी? त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो आईसाठी रडत होता.

"आवस बरी आसा," भाऊ कसाबसा म्हणाला. "पत्र इलां हुतां, दादा. वर श्री नाय हुतो. आवशीन बघल्यान आणि..."

मला पहिल्यांदा अर्थ लागला आणि मी तुमच्याकडं पाहिलं. मग तुम्हाला लागला. मी तोंड उघडणार होतो. काय बोलणार होतो ते सांगतो, 'टपालात काही घोटाळा झाला असावा.' तेवढ्यात तुम्ही पुढं झालात आणि गोविंदासमोर बसलात. "ते पत्र मी लिवलं. श्री घातला नाही. त्यांनी तुमचं सगळं करून टाकलं. चूक माझी."

गोविंदानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी? तुम्ही मान हलवलीत. तो बिनआवाजाचा हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. आणि हसणं थांबल्यावर त्यानं मनगटाभोवती बोट फिरवलं. भावानं खाली मान घातली. बांगड्या फुटल्या होत्या.

आठवड्यानं तो आनंदीला घेऊन आला. रिकामं कपाळ, रिकामे हात. गावातले काही म्हणत होते की एकदा उतरलेलं परत चढवू नये, नवऱ्याला ते बाधतं. गोविंद तिच्या मनगटाकडं बघत राहिला. ती म्हणाली, "फुटले ते फुटले. तुमी आसात मा?" आणि त्याच्या उशाशी बसली.

तुम्ही बाहेर गेलात आणि लालबागच्या बाजारातून हिरव्या बांगड्या घेऊन आलात. आनंदीनं भरल्या. परतीच्या वाटेवर मी तुम्हाला टोमणा मारलाच. "बांगड्या चालतात, मग श्री का नाही चालत?"

"बांगड्या तिच्या हातात गेल्या," तुम्ही म्हणालात. "श्री माझ्या हातातून यायला पाहिजे, असं म्हणताय तुम्ही."

"पत्र रोग्याचं असतं. लिहिणारा नुसता हात."

"नुसता हातच होते ना आजवर? आता नाही."

मला राग आला. म्हणालो, तुमच्या या हट्टापायी एका बाईचं कुंकू पुसलं गेलं. तुम्ही रस्त्यात थांबलात. "गेलं. ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण तुमच्या श्रीवाल्या आठ पत्रांनी तो अडीच महिने एकटा पडला होता. ती चूक कोण धरणार? तुमच्या पत्रात तर कधी चूकच नसते."

मी ट्राम धरली आणि घरी गेलो.

गोविंद त्यानंतर सव्वा महिना जगला. गेला तेव्हा आनंदी उशाशी होती. बांगड्या दुसऱ्यांदा फुटल्या.

महिनाभर तुम्ही पेनाला हात लावला नाहीत. मग एक तोड निघाली, तीही तुमचीच. तुम्ही पत्र लिहायचात, आणि ते पुरं झालं की कार्ड आणि पेन रोग्याच्या हातात द्यायचात. "तुमचा देव तुम्ही लिवा." निरक्षर माणसं घाबरायची. मग मी कागदावर श्री काढून दाखवायचो आणि ती बघून बघून गिरवायची. कुणाचा श्री आडवा व्हायचा, कुणाचा विंचवासारखा. कित्येकांनी जन्मात लिहिलेलं ते एकच अक्षर असेल. आपल्या दोघांच्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली विचाराल, तर ती ही. त्याखाली तुम्ही जे लिहायचात ते मात्र मला सोसायचं नाही. 'जगायचा नाही म्हणतात. यायचं तर आता या.' अशानं माणसं यायची, हेही खरं. रडतओरडत यायची, पण यायची.

गेल्या दिवाळीनंतर तुम्ही स्वतः त्या खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिलात. कुणाला सोबतीला घेतलं नाहीत. दोन दिवसांनी फुटपाथवर डबा उघडता उघडता मला म्हणालात, "मला पण निघाली, नाना. छातीत. पसरलीय म्हणतात."

मी म्हणालो, "काळजीचं काही कारण नाही. हल्ली बरेच नवे..."

तुम्ही हात वर केलात. "नाना, मला पत्र नका लिहू."

त्यानंतरही तीन महिने तुम्ही पेज घेऊन येत राहिलात. मग उजवा हात सुजून खांबासारखा झाला आणि तुम्ही घरी बसलात. मग पेज मी आणायला लागलो. पहिल्या दिवशीची करपली होती. तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, "इंदूताईंनी काय काय सोसलं असेल." मी एवढा हसलो की शेजारची बाई बघायला आली. इंदू गेल्यापासून असा हसलो नव्हतो.

आणि तो सोमवार. पेन धरवत नव्हतं, म्हणून तुम्ही मला जवळ बसवलंत. "सुमनला कळवा. तार नको, तार बघून पोरगी तिथंच बसेल. कार्ड लिवा. मी सांगते तसंच लिवा." आणि चार वाक्यं सांगितलीत. मी म्हणालो, कार्डं संपलीत, घरी जाऊन लिहितो. ते खरं होतं. पण तुमच्यासमोर लिहावं लागलं नाही म्हणून मला सुटल्यासारखं झालं, हेही खरं.

मंगळवारी सकाळी मी गिरगावात टेबलापाशी बसलो. तुमची चारही वाक्यं कानात होती. श्री काढला, आणि पहिलं वाक्य लिहिता येईना. तीन कार्डं फुकट गेली. शेवटी हात आपोआप चालला, तीस वर्षं चालत आला होता तसा. आधी मला वाटलं, सुमनच्या कडेवर तान्हं पोर, तिला धक्का कशाला? पण ते काही खरं नाही. तुम्ही सांगितलेलं लिहिलं असतं, तर तुम्ही जाणार हे माझ्या हातानं लिहावं लागलं असतं. तुम्ही जायला नको होतात. सवड मला हवी होती, सुमनला नव्हे.

बुधवारी तुम्ही विचारलंत, "टाकलं कार्ड?"

"टाकलं."

"सांगितलं तसंच?"

"तसंच."

शुक्रवारी विचारलंत, "मनमाडची गाडी किती वाजता लागते ओ?" मी वेळ सांगितली. तुम्ही दाराकडं तोंड करून निजलात. मला तेव्हाही तार करता आली असती. मी केली नाही, कारण तार केली असती तर कार्डात काय लिहिलं होतं ते बाहेर आलं असतं. सुमनला कार्ड बुधवारीच मिळालं होतं. तिच्या नवऱ्याला रेल्वेत रविवारी सुट्टी. सवडीनं, म्हणून तिनं रविवार धरला होता.

इथवर लिहिलं आणि उठलो. एक कोरं कार्ड घेतलं. वर काही लिहिलं नाही. 'सुमनताई, तुमच्या आईने लगेच ये असे सांगितले होते. सवडीने हे मी लिहिले. परवाही तुमच्याशी खोटे बोललो.' सही केली आणि पेटीत टाकायला निघालो. पेटीपाशी पोचल्यावर कळलं की मी काय करतोय. सुमन उद्या निघणार. कार्ड तिच्या मागून मनमाडला जाणार. ती ते तिकडं वाचणार, आणि मी इकडं गिरगावात बसून राहणार. म्हणजे पुन्हा सवडच की! तुम्ही असतात तर तिथंच रस्त्यात ओरडला असतात.

कार्ड खिशात घातलं आणि नायगावला गेलो. वाटेत लालबागला नव्या राज्यासाठी कमानी उभ्या राहत होत्या, पताका लागत होत्या. तुम्हाला दाखवायचं राहून गेलं.

सुमन बोचकं बांधत होती. पोर चटईवर. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी म्हणालो, आधी ऐक. आणि उभ्याउभ्याच सांगितलं. कार्ड काढलं नाही, तोंडानंच सांगितलं.

ती बोचक्यापाशी बसून राहिली.

"मी बुधवारीच निघाले असते, नाना."

"हो."

"आई बोलत होती?"

शेवटी शेवटी शुद्ध नव्हती, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत चांगलं बोलत होत्या," मी म्हणालो. "गाडी किती वाजता लागते ते विचारलं."

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खाली बघितलं. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं पोराला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चार वाक्यं म्हणालात. ती सांगा. तुमच्या भाषेत नको."

मी सांगितली.

"परत सांगा."

मी परत सांगितली, तुमची जशीच्या तशी, भागीरथीबाई, एक शब्द माझा न घालता. "सुमे, मी आता उठायची नाही. लगेच ये. पोराला घेऊन ये. रडत येऊ नको, गाडीत पोर घाबरेल."

पोर तिच्या मांडीवर होतं, तिच्याकडंच टकमक बघत होतं. तिनं ओठ आवळले, पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि ती रडली नाही.